आसव पारखायला दौलताबादेस

श्री

पुणे, नारायण पेठ
शके १७०९, प्लवंग संवत्सर, पौष वद्य द्वितीया

तीर्थरूप गंगाभागीरथी मथुराबाई अक्कांचे सेवेशी, धाकटा भाऊ अनंत याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. टोक्याला गोदामाईच्या काठी तुझे स्नान-पूजन नीट चालले असेल, गुडघे दुखत असतील आणि तू ते कोणाला सांगत नसशील. तेलाची कुपी या जासुदाबरोबरच पाठवली आहे. देवघरात ठेवून तिची पूजा करू नकोस, गुडघ्यांना लाव.

तुझा तिळगूळ पोचला. करकरीत होता, रंगही छान धरला होता.

आता कामाचे लिहितो. महाशिवरात्रीला वेरूळास घृष्णेश्वराच्या दर्शनाला यावे असे मनात आहे. नगराहून टोक्याला येऊ, तुला गाडीत घेऊ आणि नदी उतरून पुढे जाऊ. पलीकडे निजामाची मोगलाई, म्हणून जाण्यायेण्याच्या दस्तकाची खटपट चालली आहे. कारकून 'उद्या या' म्हणतो. उद्या म्हणजे नेमका कोणता दिवस, हे मात्र त्याने सरकारी गुपितासारखे जपले आहे.

दर्शन झाले की दौलताबादेस जायचे. तू म्हणशील, आला पोटातला बेत ओठावर. आलाच. किल्ल्याच्या पायथ्याशी गेनबा माळ्याचा द्राक्षमळा आहे. पुण्याच्या बाजारात आपल्याला मिळतात त्या वाळक्या मनुका. त्यांचे द्राक्षासव आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या होते आणि बरे होते. पण ताज्या फळाच्या रसाचे आसव म्हणजे वेगळीच चीज. बाबा एकदा जाऊन आले होते. पुढे कितीतरी दिवस आसवाची गोष्ट निघाली की ते आधी डोळे मिटून घेत. गेनबा रस रांजणांत भरून जमिनीत पुरतो आणि शिवरात्रीच्या सुमारास उघडतो. शेजारशेजारच्या दोन रांजणांतले आसव सारखे उतरत नाही. एखादे मधुर, एखादे तुरट, एखादे पार आंबून गेलेले. त्यांतून पारखून आणायचे.

इथे एका सरदारांच्या मातुश्री माझ्या औषधावर आहेत. अन्न टिकत नाही. आसव पोटात राहते आणि त्याच्या आधाराने दोन घास जातात. चांगले मिळाले तर म्हातारी चैत्रगौर पाहील. आंबलेले गेले तर ती वाचायची नाही, आणि बाबांनी कमावलेले नाव तिच्याबरोबरच सरणावर जाईल.

भैरू गाडीवानाला बेत सांगितला तर तो म्हणाला, "वैद्यबुवा, दारूच्या रांजनाकडं निघालाव, आन् बाईमानूस कशाला संगं?" त्याला दारू आणि आसव यांतला भेद समजावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मान हलवली. पटले काहीच नाही.

होय, तुझी भावजय सगुणाही येणार आहे. तिचा शिवरात्रीचा नवस आहे. शिवाय तिला हवापालट हवा. शिवाय वाटेत माझ्या जेवणाची आबाळ नको.

अक्का, ही तिन्ही कारणे खोटी. तुला खोटे लिहायला लेखणी उचलत नाही, म्हणून खरे लिहितो. श्रावणातल्या तापाने माझी चव गेली. वासही गेला. चिंच, मध, कडुनिंब, सारे तोंडात एकच. रंग मला दिसतो. रांजणाला कान लावला की आतली खदखद ऐकू येते. आत दिवा धरला आणि विझला, तर आसव अजून तयार नाही, हेही कळते. पण शेवटचा निवाडा जिभेचा, आणि ती मुकी झाली आहे.

मी कोणाला कळू दिले नव्हते. पितृपक्षात बाबांचे श्राद्ध झाले. पितरांचा स्वयंपाक, तो कोण चाखून बघणार? नेमके त्या दिवशी कढीत मीठ घालायचे राहिले. श्राद्धाच्या पानावर चवीविषयी बोलू नये, म्हणून ब्राह्मण मुकाट जेवून गेले. मग मी बसलो, कढी पुन्हा मागून घेतली आणि म्हणालो, "आज कढी झकास झाली आहे." नंतर सगुणा जेवायला बसली. पहिल्याच घासाला तिला सगळे उमगले.

"कधीपासून?" एवढेच तिने विचारले. रडली नाही, गावभर केले नाही, आपल्या माहेरीसुद्धा कळवले नाही.

पुढे मार्गशीर्षात सरदारांच्या मातुश्रींकडे आसवाची बरणी निघाली होती. ही पाण्याची कळशी घेऊन शेजारून गेली आणि थांबली. "ही देऊ नका, आंबली आहे." मी म्हटले, तोंड बांधलेले आहे. म्हणाली, "फडक्यातून येतंय." फडके सोडले तर कडेने पांढरी साय धरलेली.

तू लग्नाच्या वेळी म्हणालीस, वैद्याच्या घरात आचाऱ्याची पोर कशाला? अक्का, त्याच आचाऱ्याने तिला शिकवले. नैवेद्य चाखायचा नाही, पण वाफ आपणहून नाकाशी येते, तिला कोण अडवणार? ती वाफेवरून मीठ ओळखते. एवढ्या वर्षांत एकदाच चुकली, आणि त्या चुकीने माझे घर वाचवले. मी ग्रंथ वाचले, आसवे केली, पण असे नाक मी पाहिले नाही. मला तिचा अभिमान वाटतो. बायकोचे कौतुक बहिणीला लिहितो आहे, हसायचे तर हास.

गेनबाच्या रांजणांवर तीच वाकेल. पण परक्या मळ्यात, चार पुरुषांदेखत ब्राह्मणाची बायको आसव हुंगते म्हटल्यावर पुण्यात काय काय बोलतील ते तुला ठाऊक आहे. तू शेजारी उभी असलीस तर कोणाची प्राज्ञा नाही. तिने मला साफ सांगितले आहे, "वन्सं आल्या तर येईन. नाही तर नाही." मी पुष्कळ विनवले. तिचा एक शब्द मागे येत नाही, तुझ्यासारखाच.

मागे आलीस तेव्हा तू निराळी चूल मांडून आपले आपण रांधलेस. तिच्या हातचे घेतले नाहीस. आम्ही टोक्याला उतरू त्या दिवशी तुझी चूल सगुणेला दे. तिच्या हातची चव मला आठवते, पण रोज थोडी पुसट होत चालली आहे. तू जेव, अक्का, आणि कशी आहे ते मला सांग.

तुझा
अनंत