अकरा घरांचा नंबर

बोका दो मुतुम,
४ मे

प्रिय जुरेमा,
स. न. वि. वि.

तू मानाउसला गेलीस आणि मी कॉलेज सोडलं. ओदेत मावशी म्हणते, पोरगी गेली म्हणून कुणी शिक्षण बुडवतं का!

कामाचं लिहितो. नगरपालिकेने मदतीचे कागद बंद केलेत, आता सगळं मोबाइलवर. तीस तारखेच्या आत मावशीचं नाव पक्कं झालं नाही तर मदत थांबेल, मग तिच्या डोळ्याचे थेंबही. डाव्या डोळ्यात थोडा उजेड उरलाय, तेवढाच.

नाव पक्कं करायला कोड येतो तो तुझ्या फोनवर. टाकीवर चढल्यावर रेंज पकडायचा तो तुझाच फोन, म्हणून नोंदणीला वस्तीतल्या अकराही घरांनी तुझाच नंबर दिला होता. महिनाभर दुकानातल्या तारेच्या फोनवरून लावतोय, तो बंदच लागतो. राग नंतर काढ, आधी फोन सुरू कर.

लोभ कमी करू नकोस. मला तर जमतच नाही.

तुझा,
एडिमार


मानाउस,
१३ मे

एडिमार,
स. न.

पत्र वाचलं आणि ताटावरून तशीच उठले. दिवसाला चाळीस फोन करायचास, रे! खाणावळीची मालकीण म्हणाली, एक तर हा फोन ठेव, नाहीतर ही नोकरी. एप्रिलात बंदरावर उभी राहून मी सिमकार्ड नदीत भिरकावलं. त्यात मावशीही आहे, हे डोक्यातच आलं नाही.

तोच नंबर परत मागायला फोन कंपनीत गेले. तो बाबांच्या नावावर. म्हणाले, त्यांनाच घेऊन या. बाबांना पुरून तीन वर्षं झाली.

तू कचेरीत जाऊन नंबर बदलून घे. हात जोडते, तिथे डोकं थंड ठेव.

मावशीला माझा नमस्कार सांग, धीर होत असेल तर.

जुरेमा


बोका दो मुतुम,
३१ मे

प्रिय जुरेमा,
स. न. वि. वि.

गेलो होतो. खिडकीतल्या माणसाने नंबर बदलायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, खात्रीसाठी जुन्या नंबरावर कोड पाठवला आहे. मी काचेवर मूठ हाणली. तो म्हणाला, फोड बाबा, माझ्या आईचंही असंच अडकलंय. मग भांडू कुणाशी?

काल तीस तारीख गेली.

मावशीला सगळं सांगितलं, चाळीस फोनसुद्धा. वाटलं, झाडूने झोडपेल. ती हसली. म्हणाली, तुझ्या काकाने मला एकदाच हाक मारली होती.

थेंब संपलेत. रोज सकाळी ती रिकामी बाटली डोळ्यावर झटकते आणि विचारते, आज धुकं पडलंय का रे? मी हो म्हणतो. बाहेर ऊन रणरणत असतं.

लोभ असू दे, लांबूनच. आता फोन करणार नाही.

एडिमार