स्वर्गात लग्न नसतं

रविवार, संध्याकाळ. पूर्णा.

कॉलेजातली करुणा दिसावी म्हणून आजही चर्चमध्ये गेलो. कॉलेज सोडल्यापासून दुसरं काम तरी काय आहे? पाळकसाहेब म्हणाले, स्वर्गात लग्न नसतं, सगळे देवदूतांसारखे राहतात. डोकंच फिरलं. मग कशाला जायचं तिथं?

पुढं त्यांनी विचारलं, "येशूची सुवार्ता घेऊन वर्षभर आदिवासी पाड्यांवर कोण जाईल? उभे राहा." करुणा उठली. तशी मीही उठलो. माझा बाप्तिस्मा नाही, आम्ही लिंगायत, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग, आणि मी उभा! लोक "आमेन" म्हणाले, पाळकसाहेबांनी आमची नावं लिहून घेतली. शेजारच्या आजींनी तर माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाच सुरू केली.

बाहेर आल्यावर करुणा भडकली. "येशूबद्दल काय सांगणार रे तू लोकांना?"

"स्वर्गात लग्न नसतं, एवढं सांगतो."

ती हसली नाही. "मला देवाचं बोलावणं हाय, म्हणून जायलेय. तुला कुणी बोलावलंय?"

लय राग आला. पण कुणावर? स्वर्गात लग्न नसतं, हे तिला आधीच माहीत होतं. तरी ती उठलीच ना.

उद्या पाळकसाहेबांना सांगून येतो, माझं नाव काढा. तिचं राहू द्या.