चोविसावा ग्लास

अंबत्तूर, चेन्नई
८ मार्च २०२५

ती. आप्पांस स्वरदाचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे? इथे मार्चमध्येच अंग भाजून निघतं, पण कॉफी फक्कड मिळते.

दोन वर्षं माझा फोन आला की तुम्ही तो न बोलता आईकडे देता. म्हणून या पाकिटावर फक्त तुमचंच नाव घातलंय.

आधी हसायची गोष्ट. मी कारखान्यात खरेदीला लागले त्याच आठवड्यात सुपरवायझरची चिठ्ठी आली, ‘वॉटर ग्लास संपले, ताबडतोब मागवा.’ मी ताबडतोब दोन डझन काचेचे ग्लास मागवले. वर फुलांची नक्षी! सुपरवायझर, सुंदर नाव त्याचं, खोकं उघडून बघतच राहिला, मग पोट धरून हसला. तो तंजावरकडचा मराठी. म्हणाला, “अय्यो, हे प्यायचं नव्हे मा, रेतीला पाजायचं!”

आप्पा, वॉटर ग्लास म्हणजे आपलं तुमच्या फाउंड्रीतलं सिलिकेट हो! लहानपणापासून तुमच्या हातांना चिकटलेलं बघितलंय, पण हे नाव तुमच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. रेतीत कालवायचं, ठासायचं, गॅस सोडला की मिनिटात साचा दगड. सुंदरचे आजोबा म्हणे पूर्वी त्यात अंडी बुडवून महिनोन्‌महिने टिकवायचे. मी म्हटलं, आमच्याकडे एक माणूस न बुडवताच दोन वर्षं कडक राहिलाय.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. ‘ऑफिसात आहे’ हे मी अर्धंच खरं सांगितलं होतं. फाउंड्री बाईमाणसाची जागा नाही म्हणून तुम्ही मला कोल्हापुरात दारातूनच परत पाठवलंत, आणि मी इथे येऊन फाउंड्रीतच शिरले. वर्षभर साचे मीच बघते. परवा पंपाच्या ओतकामात एकही छिद्र निघालं नाही, तेव्हा आनंदाने नाचावंसं वाटलं आणि पहिली आठवण तुमची आली.

उरलेलं अर्धं असं, की अक्षय्य तृतीयेला मी सुंदरशी लग्न करतेय. आईला ठाऊक आहे, तिला मीच गप्प बसवलं होतं. रागवायचं तर इथे येऊन रागवा. तुम्ही नसलात तर मला लग्न झाल्यासारखं वाटणारच नाही.

ते ग्लास परत गेले नाहीत. सगळा कारखाना त्यातून पाणी पितो. तेवीस बाहेर आहेत. चोविसावा मी अजून कोणाला काढू दिलेला नाही.

पाणी प्यायला या.

तुमचीच, तुमच्यासारखेच चिकट हात झालेली,
स्वरदा