'छाती' या शब्दाची दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, पुरुषांचे शर्ट शिवणारा शिंपी, वय त्रेपन्न, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि कोणी कानाशी न लागता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, पण ते विचारात घेण्याचे बंधन कोणावर नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचे सगळे वाचून आणि उसवून शिकलो. तेव्हा माझ्या भाषेत खोट काढणाऱ्याने आधी स्वतःच्या शर्टाची काजे तपासावीत.

कलम १. वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान पत्नीचे, तिच्या पश्चात मुलीचे. दुकान भाड्याने द्यायला हरकत नाही, मात्र कटिंगचे टेबल हलवायच्या भानगडीत पडू नये. ते मी आत बसून बांधले आणि ते दारातून निघत नाही. सुताराने हे आधीच सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

कलम २. बँकेत त्या दिवशी जे असेल ते पत्नीचे. आकडा लिहीत नाही. औषध चालू असेपर्यंत तो एका जागी थांबत नाही.

कलम ३. शिवणयंत्र मुलीला. ती शाळेत गणित शिकवते आणि तिला बटणसुद्धा लावता येत नाही. तरी तिलाच. तेल वेळेवर घालावे. यंत्र कुरकुरले तर ऐकावे, माणसासारखे ते उगाच कुरकुरत नाही.

कलम ४. टेबलावरचा पंखा पत्नीला. एवढ्याशा वस्तूला स्वतंत्र कलम का, ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी डाव्या खिशातले पेन टोचू लागले. खिसा जरा खाली घेतला. पेन काढून ठेवले. तरी टोचत राहिले. खिशाखाली, बोंडामागे गाठ होती. ऑपरेशन झाले, गाठ तपासली, आणि कळले की ती शरीरातल्याच एका हार्मोनवर पोसली जात होती. ते बायकांचे म्हणतात, पण पुरुषातही थोडे असतेच. त्याला गाठीपर्यंत पोहोचू न देणारी एक नेहमीची गोळी आहे. पुरुषाला सहसा पहिल्यांदा तीच देतात. मला ती लाभली नाही. पोटरी सुजून लाल झाली, आत रक्ताची गुठळी निघाली, आणि डॉक्टरीणबाईंनी गोळी त्याच दिवशी बंद केली. पुन्हा कधी घ्यायची नाही, म्हणाल्या. रक्त पातळ करायचे औषध सुरू केले.

आता पुढे काय, या विचाराने माझा हात कापडावर चालेना. बाईंनी दुसरा रस्ता सांगितला. हार्मोन अडवायचे नाही, ते बनूच द्यायचे नाही. त्यासाठी रोज एक वेगळी गोळी आणि महिन्याला एक इंजेक्शन. मी वाचून गेलो होतो. विचारले, पाळी गेलेल्या बायकांना नुसती गोळी पुरते, मग मला सुई कशाला. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही वाचलंत ते बायकांचं. पुरुषाच्या शरीरात नुसती गोळी दिली, तर माल कमी आला म्हणून वरून मेंदू ऑर्डर वाढवतो. सुई वरची ऑर्डर बंद करते, गोळी खालचा कारखाना." मी अर्धेच पान वाचले होते.

या औषधाने अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, हाडे दुखतात. पत्नीलाही वयाप्रमाणे नेमके याच दिवसांत तेच होत होते. एका खोलीत दोन माणसे एकाच पंख्यासाठी भांडू लागली. मी पंखा माझ्याकडे वळवला की ती उठून खिडकी उघडायची आणि म्हणायची, "आता कळलं, मी खिडकी का उघडत होते ते?" मी तिला वर्षभर 'तुला सगळंच गरम होतं' असे म्हणत आलो होतो. म्हणून पंखा तिचा. माझ्या हयातीतही तो तिच्या बाजूलाच राहील.

औषध सध्या लागू पडते आहे. मरायची घाई नाही, हे वारसांनी लक्षात घ्यावे.

कलम ५. माझे शर्ट कोणाला देऊ नयेत. ऑपरेशननंतर मी त्यांची डावी बाजू उसवून आत घेतली आहे. दुसऱ्याच्या अंगावर ते बसणार नाहीत आणि लोक माझ्या कटिंगला नावे ठेवतील.

कलम ६. हे कलम आधी असे लिहिले होते: 'कापडाची मोठी कात्री कोणत्याही परिस्थितीत माझ्या धाकट्या भावाच्या हाती जाऊ नये. तथापि माझ्या मृत्यूनंतर त्याला कळवावे की मला झालेला कर्करोग स्तनाचा होता व तो रक्तातून आलेला आहे.' हे कलम रद्द. कारण लिहितो.

भाऊ आणि मी एकाच टेबलावर शिकलो. मग त्याने तयार कपड्यांचे दुकान काढायचे ठरवले. लोकांना आता माप नको, नंबर हवा, म्हणाला. म्हणाला ते म्हणाला, वर त्या नंबरांच्या पाट्यांसाठी माझ्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला. शिंप्याच्या घरात वाढलेला माणूस. धार गेली आणि बोलणेही गेले. त्यानंतर निरोप चालायचे ते जावाजावांमधून.

आजाराचा निरोपही तसाच गेला. पत्नीला मीच सांगितले होते, विचारले तर 'छातीचा' म्हण. जन्मभर लोकांच्या छातीचे माप घेतले, तो शब्द माझ्या तोंडातला. दुसरा शब्द माझ्याबाबतीत मला उच्चारवेना. पाव इंचाची चूक सोडत नाही मी, आणि इथे ढगळ शब्द चालवून घेतला. ऐकणाऱ्यांनी कारण बिडी-सिगारेटचे धरले. मी कधी ओढली नाही, तरी मी खोडून काढले नाही.

पुढे बाईंनी घरात कोणाला असे होते का विचारले, तर मी नाही म्हणालो. घरी आलो आणि जिन्यात आत्या आठवली. पस्तिशीत गेली. तिलाही 'छातीचं दुखणं' होते. रक्त तपासले, दोष निघाला. तो आई किंवा बापाकडून येतो आणि प्रत्येक भावंडात, प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. घर कोणाला द्यायचे ते मी ठरवू शकतो. हा वारसा ठरवून देता येत नाही आणि घेणाऱ्याला नाकारताही येत नाही. कळला, तर वेळेवर तपासण्या करून त्याच्यावर नजर ठेवता येते, एवढेच. मुलीने स्वतःचे रक्त तपासून घेतले आहे. निकाल तिचा आहे, तो लिहिण्याचा अधिकार मला नाही.

हा कच्चा खर्डा मुलीने शुद्धलेखन पाहायला घेतला. सहाव्या कलमापाशी थांबली.

"बाबा, हा कागद कधी वाचायचा?"

मी म्हणालो, मी गेल्यावर.

"आणि तुमचं औषध लागू पडतंय. मग काकांनी आणि त्यांच्या दोन मुलींनी तुमच्या मरणाची वाट बघायची?"

गणिताची बाई. उत्तर माझ्याकडून येईपर्यंत पुढे जात नाही. मी चपला घातल्या.

भावाचे दुकान दोन चौकांपलीकडे आहे. मला बघून तो गल्ल्यामागून उठला आणि म्हणाला, "दादा, तू? शर्ट हवाय का? नंबर काय तुझा?" टोमणा चांगला होता, मान्य केला. शर्टांच्या घड्या घालणाऱ्या बाईंसमोरच मी म्हणालो, "मला छातीचा नाही झालेला. स्तनाचा झालाय."

त्या बाईंची घडी अर्धी राहिली. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "बायकांना होतो तो?"

"मला झाला म्हणजे पुरुषांनाही होतो."

"मला वाटलं बिडीनं. तुझं ऐकून मी बिडी सोडली."

"बरं केलंस."

"मग काय फुकट सोडली मी?"

बऱ्याच वर्षांनी आम्ही एकत्र हसलो, आणि मध्येच त्याचे हसणे थांबले. त्याने आत्याचे नाव घेतले. मी मान हलवली. मग तो विचारायचे तेच विचारू लागला, "पोरींना पण?" मी म्हणालो, असेल किंवा नसेल, आधी तुझे रक्त बघू. तुझ्यात नसेल तर आपल्याकडून त्यांच्यात नाही. त्याचा हात शर्टाच्या डाव्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

सबब कलम ६ नव्याने: मोठी कात्री भावाला देत होतो. त्याने नको म्हटले. "मी परत पुठ्ठा कापीन," म्हणाला. शिवाय साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असे वकिलांनी बजावले होते आणि त्याला सही करायची होती. म्हणून कात्री त्याच्या थोरल्या मुलीला. तिने ती पुष्कळ वर्षे वापरावी. फक्त कापडासाठी.

कलम ७. माझ्यामागे कोणी विचारले तर रोगाचे नाव नीट सांगावे. 'छाती' हा शब्द फक्त मापासाठी वापरावा.

वरील सर्व मी वाचून, खाडाखोडीसकट मान्य करून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

ठिकाण: दुकान, कटिंगचे टेबल.
तारीख: इंजेक्शनचा आदला दिवस, आकड्यात वर मुलीने घातली आहे.

सही: मृत्युपत्र करणारा, शिंपी.

साक्षीदार पहिला: समोरचा चष्मेवाला. सही, चष्मा न लावता केल्याने ओळीखाली गेली आहे.

साक्षीदार दुसरा: माझा धाकटा भाऊ, तयार कपड्यांचा दुकानदार. तपासणीला रक्त देऊन तसाच इकडे आला. सही करताना डाव्या कोपरात कापूस चिकटवलेला होता. नंतर त्याने बाही खाली ओढली. ती अर्धा इंच लांब होती. मी ती चूक सोडून दिली.