वखारीतली मोकळी गल्ली

६ फेब्रु.
अग्निशमनचे साहेब वखारीत येऊन गेले. शेजारच्या गावातली वखार जळाली, तेव्हापासून सगळीकडं बघत फिरतायत. लाकूड उघड्यावर आहे म्हणून नियम नसतात असं नाही, म्हणाले. थप्प्यांच्या मधे बंब जाईल एवढी गल्ली पाहिजे. थप्पी फार उंच नको. वाळलं गवत काढा. करवतीचा भुसा रोज उचला. टाकी भरलेली ठेवा. विडी-काडी फाटकाबाहेर. आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकलेली निलगिरीची थप्पी सगळ्यात आधी हलवा.
आमचे सासरे, आप्पा, सगळं ऐकत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, "माज्या हयातीत हितं कदी आग लागली न्हाई." बोलतानाही विडी हातात.

९ फेब्रु.
टोमॅटोच्या लागणी चालू. वेलांच्या आधाराला बांबू, डांब न्यायला दिवसभर पिकअप. वखार गच्च. गल्ली काढायची कुठून? हे म्हणाले, "सीझन जाऊ दे, मग बघू." हे दिवसभर गाडीवर. वखार बघायची मी नि आप्पांनी.
शेजारच्या शांताक्का कुंपणाशी आल्या होत्या. त्यांचं स्वयंपाकघर नि आमची थप्पी यांच्यात हातसुद्धा जात नाही. "मंदे, चूल पेटवताना लई भ्या वाटतं गं."
झोप नाही नीट.

१४ फेब्रु.
आप्पा ओझरला दर्शनाला गेले. मजूर लावून भिंतीकडची सगळी थप्पी हलवली. थोडी रस्त्याच्या बाजूला, थोडी घरामागं. खालचं गवत उपटून टाकलं. शांताक्कांची आख्खी भिंत मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बघितली. निळी आहे. त्यांनी खिडकी सताड उघडली नि तिथूनच सगळ्यांना चहा दिला.
आप्पा संध्याकाळी आले. गल्लीत उभे राहिले.
"वखार कुनाची हाय?"
एवढंच. जेवले नाहीत.

२१ फेब्रु.
अबोला. चहा ठेवला की पितात. गिऱ्हाइकाशी हसून बोलतात, मी आले की गप्प. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुमचं तुम्ही बघा.
गल्ली मात्र तशीच ठेवलीय. एका गाडीवाल्यानं डांब उतरवायला घेतले होते तिथं, त्याला परत भरायला लावले.

३ मार्च
दुपारी नारायणगावला बाजारात होते. शांताक्कांचा फोन, "मंदे, ये लवकर, वखार पेटली!" रिक्षानं आले. करवतीमागचा भुसा पेटला होता, सकाळचा उचलायचा राहिलेला. जाळ गल्लीपर्यंत आला, पण गल्लीत पेट धरायला काही नव्हतं. आप्पा एकटे टाकीतनं बादल्या ओतत होते. शांताक्का खिडकीतून पाइप धरून. बंब आला तो सरळ आत गेला, कुठं अडला नाही.
भिंत काळी झाली. घर वाचलं. आप्पांचा पाय भाजला.
"पाचटाची ठिनगी आली," म्हणाले.
ओढ्यापलीकडच्या आपल्या शेतात दत्ता उसाचं पाचट जाळत होता, हे खरं.

४ मार्च
सगळे दत्तावर तुटून पडलेत. हेही जाऊन नाही नाही ते बोलून आले. दत्ता म्हणत होता म्हणे, "भाऊ, वारं तुमच्याकडनं माज्याकडं व्हतं. धूर माज्याच डोळ्यात जात व्हता." कुणी ऐकून घेतलं नाही.
शांताक्कांना विचारलं. त्या भिंत घासत होत्या. घासता घासताच म्हणाल्या, "वारं त्याच्याकडंच जात व्हतं गं."

६ मार्च
आप्पांच्या पायाला मलम लावलं. ते छताकडं बघत होते. मग, इतक्या दिवसांनी, "तू गल्ली केली म्हनून. नायतर अक्काचं घर..."
दुपारी करवतीमागं सावली असते. आप्पा तिथंच टेकतात, विडी ओढतात. रोज. त्या दिवशीही असतील, किंवा नसतीलही.
विचारणार होते. पट्टी बांधली नि उठले.
साहेब परवा येणार. आग कशानं लागली ते विचारतीलच. दत्तावर तक्रार द्यायची, असं हे म्हणतायत. आप्पांनी ते ऐकलं. जेवण अर्धं टाकून उठले.

८ मार्च
सकाळी आप्पांनी टोपी घातली. म्हटलं, पाय बरा नाही, कुठं निघालात?
"दत्ताकडं."
"हे येतील गाडी घेऊन, सोडतील."
"नगं. माजं मी जातो."
ओढा उतरताना दोनदा थांबले. मी फाटकात उभी. पलीकडच्या बांधावर दत्ता कुदळ घेऊन. आप्पा बोलत होते, दत्ता ऐकत होता. मग दत्तानं कुदळ खाली टाकली. रागानं की कसं, एवढ्या लांबून कळेना. दोघंही खाली बसले.
साहेबांची गाडी आलीय. खुर्ची दिली, पाणी दिलं. "आजोबा कुठायत? आधी त्यांनाच विचारायचंय." म्हटलं, बसा, येतीलच.
चहा उकळतोय तोवर हे लिहितेय. दोघं अजून तिथंच बसलेत.