दुर्बिणीची कड आणि माझी भुवई

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. (सुजलेल्या डोळ्याने लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस.) तुझी पाठ कशी आहे? वहिनीने बजावूनही तू जड पिशव्या उचलतोसच, हे मला इथे बसून दिसतं.

तर, रायफलवर बसवायची आमची नवी दुर्बीण. दोन वर्षं मी तिच्या भिंगांशी संसार करतेय. गेल्या महिन्यात चाचणी सुरू झाली. पाच जवान, त्यांचे सुभेदार, आणि लांब सावलीत कागद घेऊन बसलेली मी. गोळ्या अगदी नेमक्या लागत होत्या. मी हवेत! फक्त जो तो उजव्या भुवईवर पट्टी लावून परतायचा. गोळी सुटली की रायफल मागे धक्का देते आणि दुर्बिणीची कड थेट कपाळात. सुभेदार म्हणायचे, "मॅडम, डोळा फार जवळ न्यावा लागतो." मी त्यांना गणित दाखवायचे. (मी गणित दाखवायला लागले की समोरच्याचं काय होतं, ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.) शेवटी मी अहवालात लिहिलं, की जवानांची मान धरायची पद्धतच चुकते. साहेबांची सही झाली असती, तर दुर्बीण तशीच कारखान्यात गेली असती.

अहवाल वाचून सुभेदार उठले. शांतपणे चटई झटकली, रायफल पुढे केली. "एकदा तुम्हीच दाखवा, मॅडम. पोरं शिकतील."

मी पालथी झाले, मान गणिताबरहुकूम धरली आणि चाप ओढला. पुढचं मला सुभेदारांकडूनच कळलं. गोळी म्हणे मधोमध लागली. मला तीन टाके. पट्टी बांधताना पाचांपैकी एकही जण हसला नाही, तेच जास्त झोंबलं. अहवाल तिथेच फाडला. नव्याची पहिली ओळ, "चूक माझी." साहेब कडाडले, काम तीन महिने लांबलं. आता डोळा चार बोटं मागे ठेवूनही लक्ष्य दिसेल, अशी भिंगं नव्याने मांडतेय. पुढच्या चाचणीची पहिली गोळी मीच झाडायची, हे सुभेदारांनी परस्पर ठरवून टाकलंय.

तुझी,
धाकटी

ता. क. : आईला मी "दादाकडे कपाटाचं दार लागलं" असं सांगितलंय. ती रविवारी तुझ्याकडे ते दार बघायला येतेय. तोवर ते आपोआप उघडेल असं काहीतरी कर ना!

ता. क. २ : आत्ताच आईचा फोन आला. म्हणाली, "कपाट इतकं नेम धरून लागत नाही." सगळं सांगावं लागलं. ती सुभेदारांसाठी स्वेटर विणायला बसलीय. "तुला कोणीतरी ऐकायला लावलं," म्हणाली. तू दाराला हात लावू नकोस.