निंबाखालची जुनी टाकी

अहो,

आयुष्यभर एवढीच हाक मारली तुम्हाला, आता पत्रावर 'प्रिय' वगैरे काय लिहू? तुम्ही हसाल.

तुम्ही गेल्यापासून कधी पत्र लिहिलं नाही. काही सांगायचं असलं की फोटोसमोर उभी राहते, काचेवरचं जुनं हळद-कुंकू पुसता पुसता बोलून घेते. पण काल जे झालं ते असं उभ्या उभ्या सांगण्यातलं नाही. काल सुपर बाजाराची नवीकोरी फरशी माझ्या एका शब्दावर फोडली. ती का फोडावी लागली आणि खाली काय निघालं, हे खरं तर तुम्हालाच पहिल्यापासून ठाऊक. तरी सांगायची पाळी माझ्यावर आली. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, तेव्हा लिहिण्यात मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

कुठला सुपर बाजार, असं विचाराल. अहो, आपल्या पंपावरचा. आपण राहायला आलो तेव्हा अमरावती रोडवर नाक्याच्या पुढे काय होतं? संत्र्याची बाग, ज्वारीची शेतं आणि आपला पंप. आता नाक्याच्या पुढे नुसते लेआउट पडलेत. जिकडे पाहावं तिकडे चुन्याच्या रेघा आणि अर्धी घरं. भर वस्तीत पंप नको म्हणून कंपनीनं आपल्या अविनाशला पुढे हायवेवर जागा दिली. तो तिकडे रमला. पुढची जागा ग्राहकांच्या सहकारी संस्थेनं भाड्यानं मागितली आणि मी हो म्हटलं. मागचं घर तेवढं आपल्याकडे राहिलं. पूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रक दिसायचे, आता पिवळी भिंत दिसते. ट्रकचा किती राग राग केला मी! आता भिंतीशी काय भांडू?

मी हो म्हटलं ते तुम्हाला आवडलं की नाही, हे अजून मला कळत नाही. तुम्ही असता तर तंबाखू मळत 'पाहू' म्हटलं असतं. तुमच्या 'पाहू'चा अर्थ मला इतक्या वर्षांत लागला नाही, तो आता कुठून लागणार?

कंपनीची माणसं टाक्या काढायला आली, तेव्हा अख्खा लेआउट बघायला लोटला होता. क्रेननं दोन्ही टाक्या उचलल्या. माती गळत होती. डोहातून म्हशी बाहेर याव्यात तशा दिसल्या. साहेबांनी अविनाशला विचारलं, "खाली अजून काही आहे का?" तो म्हणाला, "नाही, एवढंच." मी आत सगळ्यांसाठी चहा गाळत होते. ऐकलं, पण तेव्हा माझ्याही मनात दुसरं काही आलं नाही. साखर पुरेल की नाही, एवढंच होतं डोक्यात.

उद्घाटनाची गंमत ऐका. आत शिरताच गुळगुळीत फरशी, ट्यूबलाइट, कडेनं मांडलेली पाकिटं. बायकांनी दारातच चपला काढल्या. एकीनं काढल्या म्हणून दुसरीनं, आणि बघता बघता देवळासारखा चपलांचा ढीग लागला. मीही काढल्या. आत जाऊन सगळ्या हात बांधून रांगेत उभ्या, कोणी येऊन देईल म्हणून. मॅनेजर गजभिये म्हणजे चष्म्यातला तरणा पोरगा, अगदी गोड स्वभावाचा. तो येऊन म्हणतो, "काकू, आपल्या हातानं घ्या. इथं कोणी देत नाही." शेजारच्या वानखेडेबाई मला हळूच म्हणाल्या, "आपल्या हातानं काहून घ्यायचं वं? चोरी केल्यासारखं नाही वाटत का?" मलाही तसंच वाटलं. तुमच्या पंपावर तर मीटरचा काटा शून्यावर आला की तुम्ही गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचे, तो 'पाह्यलं' म्हणाला की मगच नळी लावायचे. देणारा एक, घेणारा एक, आणि दोघांचं एकमेकांकडे लक्ष. इथं कोण कोणाकडे बघतं तेच समजत नाही.

मग वास सुरू झाला.

पहिल्यांदा तुरीच्या डाळीच्या पाकिटाला आला. घरी आणून फोडलं आणि भपकन पेट्रोल! मी पाकीट अविनाशच्या नाकाशी धरलं. तो म्हणाला, "डाळीचा वास आहे." वानखेडेबाईंनी हुंगलं, त्यांनाही काही नाही. मग मी सुपर बाजारात जाऊन धान्याच्या रॅकपाशी उभी राहिले. तिथं तर नक्कीच येत होता. रोज जायला लागले. गजभियेला वाटलं, काकूंना दुकान फारच आवडलं.

अविनाश एक दिवस वैतागून म्हणाला, "आई, वास डाळीले नाही. तुह्या नाकातच बसला आहे तो." ऐकून मी दचकलेच. अगदी तुमचं वाक्य! त्याला ते कोणी सांगितलं? तुम्ही दुपारी पंपावरून यायचे, न्हाणीघरात रिठ्यानं हात घासघासून धुवायचे आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून दोन्ही तळवे माझ्या नाकाशी धरायचे. "घे, पाहून घे." आला वास की मी परत पाठवायची. तुम्ही म्हणायचे, "माझ्या अंगाले काही नाही वं, तुह्या नाकात बसला आहे." आणि पुन्हा मुकाट्यानं धुवायला जायचे.

धान्याला तर तुम्हाला मी हातच लावू दिला नाही. चैत्रात लकडगंजहून वर्षाचा गहू यायचा, रामटेकहून माझे बाबा तांदूळ पाठवायचे, आणि मी एरंडेलाचा हात फिरवून कोठ्या भरायला बसायची. तुम्ही उंबऱ्याबाहेर हात मागे बांधून उभे. कीड लागू नये म्हणून घालायचा पंपाजवळच्या कडुनिंबाचा पाला मात्र तुम्हीच तोडून आणून द्यायचे, तोही टोपलीत, दुरूनच. एकदा विचारलं होतं, "हा पाला खाली टाकते का वर?" मी म्हटलं, "दोन्हीकडे. पण वरचा खरा. वर पाला पडला म्हणजे कोठी भरली." तुम्ही मान हलवली, जणू फार मोठी गोष्ट समजली. मला वाटलं, चेष्टा करताय.

तर त्या रॅकपाशी उभी असताना मला निंब दिसला. भिंत निंब सोडून बांधली आहे, खिडकीतून फांदी दिसते. आणि एकदम आठवलं. निंबाखाली मामंजींच्या वेळची लहान टाकी होती ना? त्यावर हातानं दांडा फिरवायचा पंप होता. आपल्या लग्नानंतर विजेचे पंप आले, तो दांड्याचा पंप भंगारात गेला, पण टाकी? ती जमिनीतच होती. तुम्ही म्हणत होते, "रेती भरून बुजवून टाकतो." कन्हान नदीची रेती आलीही होती, अंगणात ढीग पडला होता. पण तेवढ्यात मी बाळंतपणाला रामटेकला गेले. अविनाशला घेऊन परत आले तर अंगण रिकामं आणि नवं न्हाणीघर उभं, पंपावरून आल्यावर तुम्हाला धुवायला. मी विचारलं, रेती कुठे गेली? तुम्ही म्हणाले, "लागली कामाले." कुठल्या कामाला? न्हाणीघराच्या की टाकीच्या? मी विचारलं नाही. मांडीवर पोर होतं, कोण रेतीचा हिशेब विचारतो?

म्हणजे टाकी रिकामी असली तर? रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत गॅस साठतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. अविनाशला सांगितलं. तो म्हणाला, बाबांनी नक्कीच बुजवली असेल. मी म्हटलं, तू पाहिलीस? तो म्हणाला, तू पाहिलीस? त्याचीही अडचण मला कळते. कंपनीच्या साहेबांना त्यानं स्वतःच्या तोंडानं 'एवढंच' म्हणून सांगितलेलं. आता उलटं निघालं तर नवा पंपही अडचणीत येईल.

मी गप्प बसले. किती दिवस गप्प होते ते विचारू नका. कधी वाटे, म्हातारपणी भ्रम झाला. कधी वाटे, तुम्ही कधी काम अर्धं सोडत नव्हते. मग वाटे, गच्चीचा कठडा नाही का अर्धा सोडला? तुमच्यावर विश्वास ठेवावा की नाकावर, हेच मला ठरवता येईना. तुमचं आणि माझ्या नाकाचं तर जन्माचं वाकडं.

परवा संध्याकाळी मी तिथं साखर घेत होते आणि लाइन गेली. गजभियेनं मेणबत्ती पेटवली आणि नेमकी धान्याच्या रॅकखाली, फरशीवर चिकटवली. वानखेडेबाईंची नात तिथंच उभी होती, बिस्किटाचं पाकीट छातीशी धरून. मी जाऊन फुंकर मारली आणि म्हटलं, "याच्या खाली पेट्रोलची टाकी आहे."

अंधारात बायकांची पळापळ झाली. गजभियेनं बाहेर येऊन विचारलं, "काकू, पक्कं माहीत आहे?" मी म्हटलं, "टाकी आहे हे पक्कं. आत काय आहे ते ज्याला माहीत होतं तो माणूस नाही." तो बिचारा म्हणाला, "मले तर काहीच वास येऊन नाही राहिला. फरशी फोडली अन् काही निघालं नाही, तर संस्थेत माझं काय होईन?" मी म्हटलं, "माझं नाव सांग. म्हातारीनं फोडायला लावली म्हण." अविनाश मागे उभा होता. सकाळी हायवेवर न जाता तोच पहिला हजर झाला, आणि कंपनीच्या साहेबांना आपणहून घेऊन आला. पोरगा तुमच्यावर गेला आहे, हे मी त्याला तोंडावर सांगणार नाही.

फरशी फोडली. मुरूम काढला. लोखंडाचं झाकण लागलं तेव्हा माझं नाक खरं ठरलं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच तुमच्यासाठी वाईट वाटलं. सगळ्यांना बाहेर काढलं. झाकणाचे नट गंजलेले, निघता निघेनात. झाकण उचललं आणि साहेब वाकून म्हणाले, "रेती आहे. गळ्यापर्यंत भरली आहे." वास? काहीच नाही. मी स्वतः वाकून हुंगलं. जुन्या कोरड्या रेतीचा असतो तेवढाच.

मी तिथंच पोत्यावर बसले. माझं नाक खोटं पडलं, तुम्ही खरे ठरलात. एवढ्यात खड्ड्यात उतरलेला माणूस म्हणाला, "वर हा कचरा कायचा हाय?" त्याच्या ओंजळीत काळपट काड्या होत्या आणि जाळीसारखी झालेली पानं, हात लागताच भुगा होणारी. गजभिये म्हणाला, "फेकून दे." मी म्हटलं, "थांब."

कडुनिंब होता तो. रेतीवर सारखा पसरलेला थर, काठापर्यंत. वारा आणून टाकेल असा नव्हे, हातानं पसरलेला. झाकण लावायच्या आधी.

अहो, रेतीला कुठे कीड लागते? का टाकलात पाला? कोठी भरायला बसू दिलं नाही म्हणून तुम्ही माझ्या पाठीमागे आपली एक कोठी भरून घेतलीत? आणि मला सांगितलं का नाही? तुम्ही नुसतं म्हणाले, 'लागली कामाले'. आणखी एक. रेती सगळी टाकीत गेली, तर न्हाणीघराला कुठली लावली? हे दुसरं कोडं आता कोणाला विचारू?

अविनाशला मी काही सांगितलं नाही. त्याला वाटलं, मी सुटकेनं रडते आहे. असेलही. मला माझंच कळत नव्हतं.

आज सकाळी मुद्दाम तुरीच्या डाळीचं नवं पाकीट आणलं. फोडलं, नाक खुपसलं. डाळीचाच वास. दोनदा पाहिलं. मला बरं वाटायला हवं होतं ना? मग मी स्वयंपाक टाकून न्हाणीघरात जाऊन का उभी राहिले? तिथंही काही नव्हतं, रिठ्याची कोरडी टरफलं तेवढी कोनाड्यात होती. इतके दिवस मला जे येत होतं ते काय होतं, आणि आज ते का गेलं? तुम्ही गेलात तेव्हासुद्धा घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं.

उद्या फरशी पुन्हा बसवतील. तो पाला मी पदरात घेऊन आले आहे, डब्यात ठेवला आहे. यंदा चैत्रात मी गहू मागवणार. अविनाश म्हणेल, समोर पाकिटं मिळतात, कोठी कशाला? म्हणू दे. एक कोठी मी भरणार. गहू मी भरीन, खालचा पाला मी टाकीन. वरचा तुम्ही टाका. त्यासाठी उंबऱ्याच्या आत या. हात धुतले नसतील तरी या वेळी परत पाठवणार नाही.

तुमची,
सिंधू